चैतीबाईंनी मांडवात घेतलेली नावं

चैतीबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते माझ्याच लग्नात. अकलोलीच्या वरच्या अंगाला आमचा पाडा हाय. तिथं मी सून म्हणून आले. आमच्यात लग्न लावायला भटजी येत न्हाय, धवलेरी येते. धवळे म्हणजे लग्नाची गाणी. ती म्हणत म्हणत ती लग्न लावते, आणि मधी घरच्या पूर्वजांना एकेकाचं नाव घेऊन मांडवात बोलवते. या सगळ्या भागाच्या धवलेरी म्हणजे चैतीबाई. त्या तांदळाच्या पिठानं काढलेल्या लग्नाच्या चौकासमोर बसून नावं घेत होत्या आणि बाजूला डीजे सुरू झाला. त्यांचं काही ऐकायलाच येईना.

त्या उठल्या आणि डीजेवाल्याकडं गेल्या.

"ए, बंद कर जरा."

"आजी, मला ऑर्डर हाय. दोन तास वाजवायला बोललेत."

"तुझ्या आजाचं नाव काय?"

"काय?"

"आजा. बापाचा बाप. नाव काय त्याचं?"

तो हसला. "सगळे म्हाताराच बोलायचे त्याला."

"म्हातारा काय नाव असतं व्हय रं? जाण्या. जाण्या नाव त्याचं. तुझ्या आजीला वडप्याहून आणलेली. त्या लग्नात माझ्या आयनं धवळे बोललेले आणि मी एवढीशी, मागं बसून झेलत होते. त्या मांडवातून तू आलास. आता बंद कर."

त्यानं बंद केला. नुसता बंद न्हाय केला, स्पीकरच्या खोक्यावर बसून शेवटपर्यंत ऐकत राहिला. नवरी म्हणून माझी मान खाली होती, पण मला असं हसू फुटलं की बाशिंग हललं आणि सासूनं मागनं चिमटा काढला.

आता चैतीबाईंना पंच्याहत्तर वर्षं झाली म्हणून आपण हे पुस्तक काढतोय. पंच्याहत्तर हे त्यांनीच मोजून सांगितलं. त्यांच्या आधार कार्डावरचं वय खरं न्हाय, कार्डात त्या स्वतःच्या धाकट्या बहिणीपेक्षा लहान हायत. कोणाच्या लग्नात त्या चालायला लागल्या, कोणाच्या लग्नात दात पडले, असं धरत धरत त्यांनी हिशोब लावला. मला लिहायला सांगितलं कारण मी चार वर्षं त्यांच्या मागं बसून धवळे झेलते, म्हणजे त्यांची ओळ मागनं परत बोलते. मी सातवीपर्यंत शिकले, जमेल तसं लिहिते. घरी मी त्यांना आजी बोलते आणि अगं-तुगं करते. इथं मान म्हणून त्या लिहिते. त्या वाचतील तर हसतील.

त्यांचं काम फक्त लग्नापुरतं न्हाय. कुठल्या घरात कोण कुठून आलं, कोणाची जमीन कुठं होती, कुठल्या दगडाला काय नाव, हे सगळं त्यांना पाठ हाय. आणि ते त्या आपल्याजवळ ठेवून बसत न्हाईत, वाटत फिरतात. माझा नवरा दिलीप वडप्याला गोडाऊनमधी माल चढवायला-उतरवायला जातो. कामाला लागला तेव्हा चैतीबाईंनी विचारलं, "कुठला गोडाऊन?"

"गाळा नंबर चौदा."

"चौदा मला काय समजतंय? आंब्याकडचा का तळ्याकडचा?"

"तळं कुठं हाय तिथं आता? पार्किंग हाय."

"पार्किंगच्या खाली तळं हाय. तिथं शेंदऱ्याचं खाचर होतं. तुझ्या आजीनं त्यात भाताची आवणी केलीय, कमरेएवढ्या चिखलात."

दिलीपनं दुसऱ्या दिवशी शिफ्टला हे सांगितलं. त्यांचा सुपरवायझर बिहारचा हाय. तो विचारतो, "अरे, ये शेंदरा कौन है? कौन सी शिफ्ट में है?" तेव्हापासनं त्याच्या शिफ्टचे सगळे चौदा नंबरला शेंदऱ्याचा गाळा बोलतात. सुपरवायझर पण बोलतो.

अकलोलीच्या गरम कुंडाची गोष्ट देवळाकडं वेगळी सांगतात. चैतीबाईंची वेगळी हाय. एका सासूनं बाळंतीण सुनेला चुलीजवळ येऊ दिलं न्हाय. सुनेनं बाळ नदीवर नेलं आणि पाण्यात हात घालून रडत बसली. जमिनीला तिची दया आली, तिनं खालनंच पाणी तापवून दिलं. माझी सासू ऐकत होती. ती बोलली, "काकी, सगळ्या गोष्टीत सासूच कशी गं वाईट?" चैतीबाई बोलल्या, "गोष्टी सुना सांगतात म्हणून. तू सून होतीस तेव्हा तूच ही सांगत होतीस."

आता मला जे खरं लिहायचं हाय ते लिहिते.

माझी मुलगी रोशनी सात महिन्यांची असताना तिचे हात आणि पाय सुजले. वरनं फुगलेले, बोट जवळ नेलं तरी किंचाळायची. मग उतरलं. मग परत आलं. दीड वर्षाची झाली तेव्हा पायात कळ यायची, डोळे पिवळे दिसायचे. ताप आला की आठ आठ दिवस जायचा न्हाय. मी तिला कुंडावर न्यायची, गरम पाण्यात पाय सोडून बसवायची, तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. भगताकडं नेलं. खाजगीत नेलं, सरकारीत नेलं. भिवंडीला पण नेलं.

जिथं जाईन तिथं डॉक्टर एकच विचारायचे. घरात आणखी कोणाला असं होतं का? कोणी लहानपणी गेलंय का? आणि मी प्रत्येक ठिकाणी सांगितलं, न्हाय.

मी खोटं बोलत नव्हते. मला तसंच वाटत होतं. मी धवळे शिकत होते ना, मला माझ्या सासरच्या सगळ्या पिढ्या पाठ होत्या. वहीत लिहिलेल्या होत्या. त्यात लहानपणी गेलेलं कोणीच नव्हतं.

एक दिवस रोशनी अशी पडली की दूध पण घेईना. पाडा बोलायला लागला होता. कोणी बोलायचं सून माहेराहून काय तरी घेऊन आली. मी चैतीबाईंकडं वही घेऊन गेले आणि विचारलं, आजी, कोणता पूर्वज राहिला बोलवायचा, कोण रुसलाय ते बघ. मला वाटलं माझ्याकडनं नाव चुकलं असेल.

त्यांनी मला वाचायला लावलं. मी वाचलं. ऐकून त्या बोलल्या, "ही लग्न झालेल्यांची यादी हाय, पोरी. घरातल्यांची न्हाय."

मला कळलं न्हाय.

"मांडवात आपण कोणाला बोलवतो? जोडप्यांना. ज्याला बाशिंग बांधलं त्याला. लग्नाआधी जो गेला त्याला मांडवात बोलवायचं न्हाय, अशी रीत. त्याचं नाव घरात पण कोणी काढत न्हाय. काढलं तर तो बारक्या पोरांकडं खेळायला येतो, बोलतात. मग तुझ्या वहीत तो कुठनं येणार?"

मी बोलले, "मग आमच्या घरात असे कोण कोण हायत?"

"मला थोडं माहीत हाय. पण मी नको सांगायला. तुझ्या सासूनं सांगायचं. चल."

त्या माझ्याबरोबर घरी आल्या आणि ओटीवर बसल्या. रोशनी माझ्या मांडीवर होती. सासूचं नाव बुधीबाई. चैतीबाई तिला लहानपणापासून ओळखतात.

"बुधे, तुझी पहिली कोण होती?"

सासू तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. "काकी, ते नको काढू. पोर हाय घरात."

"पोर हाय म्हणूनच काढते."

"तू धवलेरी हाईस, तुला रीत माहीत हाय. तूच असं बोलतेस?"

"रीत मीच सांभाळली एवढी वर्षं. बोल."

मला इतकी भीती वाटली की मी रोशनीचे दोन्ही कान हातांनी झाकले. मला खरंच वाटलं नाव निघालं की कोणी तरी दारात येऊन उभं राहील. मी सासूला बोलले, "आई, नको. राहू दे."

चैतीबाई माझ्याकडं वळल्या. "कान सोड तिचे. तिला नावानं काही होत न्हाय, तिला जे होतंय ते आधीच होतंय."

सासू खाली बघून बोलली, "गुलाब."

नवऱ्याला मोठी बहीण होती हे मला तेव्हा कळलं. माझ्या लग्नाला तीन वर्षं झाली होती. गुलाब सहा वर्षांची होऊन गेली. पाय दुखायचे, डोळे पिवळे, हात सुजायचे. सासू सांगत गेली आणि प्रत्येक गोष्ट माझ्या पोरीची होती. मग चैतीबाईंनी विचारलं, "तुझ्या नवऱ्याची भावंडं?" सासूनं सांगितलं, मंगळी आणि लहानू. दोघंही बाशिंग बांधायच्या आत. तेच दुखणं. चैतीबाई बोलल्या, "बरोबर. तुझ्या सासूनं मला हेच सांगितलेलं, नदीवर कपडे धुताना. पुरुषाला विचारलं तर तो बोलतो आम्ही दोघं भाऊ. बायांना विचारलं तर कळतं की चार भावंडं होती."

मग मला बोलल्या, "आता तुझ्या आयला फोन लाव." मी लावला. आय आधी रागावली, मग रडली, मग तिनं तिच्या भावाचं नाव सांगितलं. किसन. माझा मामा. मला मामा होता हेही मला माहीत नव्हतं.

सासूनं हळूच विचारलं, "म्हणजे कोणाचं घर बाधलेलं हाय, काकी? आमचं का हिचं?"

"बाधलेलं असतं तर एका घराला असतं. हे दोन्हीकडं हाय. देव काय यादी घेऊन दोन्ही घरांच्या मागं फिरत न्हाय. रक्तात काय तरी हाय. मला त्यातलं कळत न्हाय. ही चार नावं डॉक्टरला सांगा."

चैतीबाईंचं हे मला सगळ्यात मोठं वाटतं. त्यांना जेवढं माहीत हाय तेवढं त्या सांगतात आणि माहीत न्हाय तिथं सरळ थांबतात. त्यांनी रोशनीला अंगारा लावला न्हाय, पाला दिला न्हाय. त्यांनी फक्त आम्हाला बोलायला लावलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही ठाण्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाईंनी तोच प्रश्न विचारला. या टायमाला मी चार नावं सांगितली, कोण किती वर्षांचं होऊन गेलं, काय काय होत होतं. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग तिघांचं रक्त तपासायला घेतलं. रोशनीला सिकलसेल हाय असं निघालं. अर्धा दोष माझ्याकडं, अर्धा तिच्या बापाकडं, आम्हा दोघांना काही त्रास न्हाय पण पोरीत दोन्ही एकत्र आले. डॉक्टरबाई बोलल्या, हे जन्माचं हाय, जाणार न्हाय, पण सांभाळता येतं. उशीर झाला असता तर हातात काही राहिलं नसतं. तिला रक्त चढवलं.

दवाखान्यात आम्ही अकरा दिवस होतो. चैतीबाई तिसऱ्या दिवशी आल्या. एस्टीनं, मग रिक्षानं, विचारत विचारत. कशेळीच्या पुलावर ट्रॅफिकमधी दीड तास अडकल्या, म्हणून आल्या आल्या ट्रकवाल्यांना शिव्या घातल्या. नाचणीची भाकर आणि सुक्या बोंबलाची चटणी आणलेली. बाजूच्या खाटेवर लूमवर काम करणाऱ्या एका माणसाची बायको पोराला घेऊन होती, उत्तर प्रदेशची. चैतीबाई रोशनीला हळू आवाजात गाणं बोलत होत्या, तर तिनं विचारलं, "अम्मा, ये कौन सी भाषा में गाती हो?"

"मेरे मुलुख की. तेरे दादी का नाम क्या?"

ती गोंधळली. "दादी का? ...रहमतुन."

"और उसकी माँ का?"

"वो तो नहीं मालूम, अम्मा."

"फोन कर के पूछ. मालूम होना मंगता."

तिनं खरंच गावी फोन लावला. संध्याकाळपर्यंत तिच्याकडं चार पिढ्यांची नावं होती आणि ती आम्हाला भाकरीच्या बदल्यात शेवया देत होती. नर्सबाई ओरडल्या की हे काय चाललंय, वॉर्ड हाय का चावडी हाय. चैतीबाईंनी त्यांना पण आजीचं नाव विचारलं.

घरी आल्यावर वर्षानं माझ्या धाकट्या दिराच्या लग्नाची बोलणी सुरू झाली. चैतीबाईंनी मुलीकडच्यांना आधी रक्त तपासायला लावलं. मुलीचा बाप बोलला, हा काय नवीन हुंडा काढलात? चैतीबाई बोलल्या, "हुंडा आम्ही देतोय. एक थेंब तुझ्या पोरीचा, एक थेंब आमच्या पोराचा." दोघांचं तपासलं. दिराला अर्धा दोष हाय, मुलीला न्हाय. मग लग्न ठरलं.

त्या लग्नात मी त्यांच्या मागं झेलायला बसले होते. पूर्वजांची नावं चालू होती. मला क्रम पाठ होता, पुढचं नाव काय येणार ते मला माहीत होतं. चैतीबाई थांबल्या. मग त्यांनी घेतलं, "गुलाब ये गं, मांडवाला ये." मी झेलायचं विसरले. त्यांनी मागं हात करून माझ्या गुडघ्यावर मारलं. मी झेललं. मग मंगळी. मग लहानू. एक म्हातारा उठून बोलला, "चैते, बाशिंग न बांधलेल्यांना बोलवतेस? उद्या काय झालं तर?"

त्या गाणं न थांबवता, त्याच चालीत बोलल्या, "उद्या झालंच तर माझं नाव घे, माझ्या अंगावर घाल."

सासू मांडवाच्या खांबाला धरून उभी होती. ती रडली, पण मोठ्यानं न्हाय. नंतर मला बोलली, "तीस वर्षं मी ते नाव तोंडात धरून ठेवलेलं."

काही झालं न्हाय. दीर आणि त्याची बायको चांगले हायत.

तेव्हापासनं चैतीबाई आणि मी घराघरात जातो. त्या विचारतात, मी वहीत लिहिते. आमचा पाडा झाला, आता खालचा पाडा चालू हाय. सरकारी दवाखान्याकडनं पाड्यावर फिरणाऱ्या आशाताई ती वही बघून कोणाकोणाच्या पोरांना तपासायला नेतात. सगळीकडं चहा मिळतो असं न्हाय. एका घरात म्हातारीनं आम्हाला उंबऱ्यावरच अडवलं. बोलली, "मेलेल्यांना उठवत फिरता काय गं?" चैतीबाई बोलल्या, "उठवत न्हाय. मोजते." म्हातारीनं दार लावलं. चैतीबाई अंगणात बसून राहिल्या. पान खाल्लं, कोंबड्यांशी बोलल्या. अर्ध्या तासानं दार उघडलं आणि म्हातारीनं आतनंच दोन नावं सांगितली. आम्हाला आत बोलवलं न्हाय. चैतीबाई तिला बोलल्या, "बास, एवढंच पाहिजे होतं," आणि आम्ही निघालो.

लग्नाची गाणी मोबाईलमधी धरायला भिवंडीच्या कॉलेजची मुलं त्यांच्याकडं येतात. चैतीबाई त्यांना हाकलत न्हाईत, पण एक अट हाय. आधी आपल्या घरातल्या पाच बायांची नावं सांगायची, मगच मोबाईल बाहेर काढायचा. काही मुलं तिथंच आईला फोन लावतात. मला त्यात आधी मजा वाटायची. आता वाटत न्हाय. आता मी प्रत्येक मुलाकडं बघते आणि मनात येतं, याला विचारलं असेल का कोणी, कोणाचं नाव राहिलंय.

रोशनी आता पाच वर्षांची हाय. रोज गोळी घेते. पाणी भरपूर द्यायचं, थंडीत पाय झाकायचे, ताप आला की घरी थांबायचं न्हाय. या वर्षात दोनदाच ॲडमिट करावं लागलं. बालवाडीत जाते, मारामारी पण करते. माझी भीती गेली न्हाय, ते मी खोटं लिहिणार न्हाय. ती जरा जास्त वेळ झोपली तरी मी तिच्या डोळ्यांचा रंग बघायला पापणी वर करते, आणि ती मला लाथ मारते. पण आधी मला कशाची भीती वाटते तेच माहीत नव्हतं. आता नाव माहीत हाय, औषध माहीत हाय, दवाखाना माहीत हाय.

चैतीबाईंना बीपी हाय आणि गुडघे दुखतात. गोळ्या त्या विसरतात. दुसऱ्यांच्या सात पिढ्या पाठ आणि स्वतःची सकाळची गोळी घेतली का न्हाय ते आठवत न्हाय. सगळ्यांना विनंती हाय की त्यांच्याकडं कोण पण गेला तर आधी गोळीचं विचारा, मग गाणं.

अशा पुस्तकात शेवटी शंभर वर्षं जगा असं लिहितात. मी तसं लिहीत न्हाय, कारण शंभर म्हणजे किती ते मला समजत न्हाय. मला रोशनीचं लग्न समजतं. त्याला अजून वीस वर्षं तरी हायत. तेव्हा चैतीबाई पंच्याण्णव वर्षांच्या असतील. डॉक्टरबाई रोशनीचं मला पक्कं काही सांगत न्हाईत आणि पंच्याहत्तरीच्या पुढचं कोणाचंच कोणी पक्कं सांगत न्हाय. म्हणून मी दोघींनाही तेच सांगते. आजी, तू तिच्या मांडवात बसायला थांब. रोशनी, तू आजीला बोलवायला थांब. दोघींनी गोळ्या वेळेवर घ्या.